प्लॅटिनमची तार आणि उन्हाळ्यातल्या शाली

जळगावच्या मे महिन्यात खांद्यावर शाल, मांडीवर नारळ आणि हातात कोमेजलेला गुलाब घेऊन, पंखा नेमका दुसरीकडे फिरत असताना तासभर हसऱ्या चेहऱ्याने बसून दाखवा, म्हणजे सत्कार म्हणजे काय ते कळेल. एका उन्हाळ्यात मी हे इतक्यांदा केलं, की शेवटी मला शालीचा वास दुरूनच यायला लागला. अजूनही एखाद्या कार्यक्रमात कुणी शालीची घडी मोडायला लागलं की माझ्या मानेला घाम फुटतो आणि मी मागच्या रांगेत जाऊन बसते.

सत्कार कशाचा, तर मी पाण्यातून इंधन काढलं म्हणून. आता पाण्यातून हायड्रोजन निघतो हे शाळेतली मुलंही करून बघतात, त्याला दोन तारा आणि एक बॅटरी पुरते. अडचण पुढे आहे. कमी विजेत भरपूर हायड्रोजन हवा असेल तर प्लॅटिनम लागतं, आणि ते परवडत नाही. म्हणून जगभर लोक साध्या धातूंच्या मागे लागलेले आहेत. मीही त्यातलीच. माझे धातू होते निकेल आणि मॉलिब्डेनम. निकेल आम्लात टिकत नाही, विरघळून जातं. तेव्हा मी कार्बनच्या पातळ पट्टीवर आधी पॉलिमरचा थर चढवायची आणि त्या थरात धातूचे कण बसवायची. पॉलिमरने त्यांना धरून ठेवावं, आम्लाला सहजासहजी खाऊ देऊ नये, एवढी माझी अपेक्षा होती.

पॉलिमर चढताना बघायला मला फार आवडायचं. पट्टी द्रावणात बुडवायची आणि विजेचा दाब सावकाश खालीवर करत राहायचा. आधी काहीच दिसत नाही. मग काळ्यावर हिरवी झाक येते, दाब वाढला की ती निळी होते, उतरला की परत हिरवी. प्रयोगशाळेच्या त्या खोलीत मला जे काही सुख मिळालं ते या हिरव्या-निळ्याने दिलं. बाकी खोली म्हणजे कोंडवाडाच होता. एसी बसवताना खिडकी कायमची बंद करून टाकली होती आणि पुढच्याच वर्षी एसी बंद पडला होता.

माझं गाव पारोळ्याजवळ. घरी आबा म्हणजे माझे वडील, आई, आणि नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. घरात शेवटचा शब्द नानांचा. एम.एस्सी. झाल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं, "इतलं शिकाडीसन काय करशी? लगीन करी टाक पोरनं." आबा थोरल्या भावाला कधी उलट बोलले नाहीत. ते फक्त सुपारी कातरत म्हणायचे, "तिना शोध पुरा व्हऊ दे, मंग देखू." त्या एका वाक्याच्या आधारावर मी जळगावात राहत होते. शिष्यवृत्ती संपली होती, ठरलेली मुदत संपत आली होती. शोध लागला तर पीएच.डी.ची डिग्री घेऊन बाहेर पडायचं, नाही तर रिकाम्या हातांनी गावी जायचं आणि नाना ज्याला पसंत करतील त्याच्या शेजारी बोहल्यावर उभं राहायचं. तिसरी वाट नव्हती. मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण हातातलं काम अर्धवट टाकून कुणीतरी उचलून नेल्यासारखं जायचं, या विचाराने माझा जीव घाबरा व्हायचा.

माझे सर निवृत्तीला आले होते आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. स्वभावाने मऊ माणूस. फक्त एका वस्तूच्या बाबतीत ते कंजूष होते, ती म्हणजे विभागातली एकुलती एक प्लॅटिनमची तार. कुंकवाच्या जुन्या डबीत कापसात गुंडाळून ती कपाटात असायची आणि किल्ली सरांच्या खिशात. रोज सकाळी ते ती तार स्वतः काढून द्यायचे, संध्याकाळी स्वतः परत घ्यायचे. फार वेळ चालणारा प्रयोग असला तरच ती रात्रभर माझ्याकडे ठेवायची परवानगी. प्रयोगाच्या भांड्यात एका बाजूला माझी पट्टी असायची, समोर ही तार. हायड्रोजन माझ्या पट्टीवर निघायचा. समोरच्या तारेने फक्त विजेची वाट पुरी करायची, तिचं बाकी काही काम नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. पुष्कळ ठिकाणी असंच धरून चालतात.

आणि माझी पट्टी चालली. नुसती चालली नाही, दिवसेंदिवस सुधारत गेली. असले पदार्थ वापरून वापरून थकतात, माझी पट्टी मात्र वापरावी तशी तरणी होत होती. पहिल्या दिवशी चार-दोन बुडबुडे, आणि बरेच दिवस वीज दिल्यावर पट्टीभर फेस. सर खुर्चीवरून उठून दोनदा येऊन बघून गेले. मग त्यांनी पेढे मागवले, आणि त्याहून वाईट म्हणजे ओळखीच्या एका पत्रकाराला फोन केला. मी म्हटलं, "सर, अजून तपासायचं आहे." ते म्हणाले, "तपास ना, तुला कोण नाही म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी बातमी. खान्देशच्या लेकीने पाण्यातून काढलं इंधन. माझा फोटो डोळे मिटलेला.

आमच्याकडे आधी सत्कार होतो आणि मग काम काय केलं ते विचारतात. पुष्कळदा विचारायचं राहूनच जातं. समाजाच्या मंडळाने केला, महिला मंडळाने केला, माझ्या शाळेने केला. एका ठिकाणी तर दहावीचे गुणवंत, निवृत्त तलाठी आणि मी असे एकाच रांगेत होतो आणि सगळ्यांसाठी भाषण एकच झालं. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्यांचा राग यावा, तर तेही जमत नव्हतं, कारण माणसं मनापासून खूश होती. म्हाताऱ्या बाया माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायच्या. अशा वेळी "थांबा, अजून नक्की नाही" हे कुणाच्या तोंडावर म्हणणार?

आबांनी गावाच्या थांब्यापाशी फ्लेक्स लावला. मोठा फोटो, खाली लाल अक्षरात 'पाण्यातून इंधन काढणारी आपल्या गावची लेक'. लेक हा शब्द छापण्यापुरता, एरवी आबा म्हणतात आंडेर. शुभेच्छुक म्हणून खाली गावातल्या झाडून सगळ्यांचे फोटो टाकायची पद्धत आहे. आबांनी कुणाचा घेतला नाही, स्वतःचाही नाही. नानांचा सूर तर पार बदलला. ते आता येणाऱ्या स्थळांना सांगत, आमची पोर पाण्यातून गॅस काढते, डिग्री झाल्याशिवाय आम्ही बोलणी करत नाही. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. ते मिळालं आणि तेव्हापासूनच माझी झोप उडाली, कारण पट्टी का सुधारते आहे हे मला अजून कळलं नव्हतं. मनात सारखं येत होतं, यात कुठेतरी पाणी मुरतंय.

मग धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात सत्कार ठरला. सकाळची एसटी गाठायची होती. निघायच्या गडबडीत मी एक पट्टी उचलून भांड्यात लावली, रात्रभराचा प्रयोग सुरू केला आणि पळाले. देवपुरात प्राचार्य चांगलं बोलले, मुलींनी प्रश्नही चांगले विचारले. एकीने विचारलं, "मॅडम, तुमची पट्टी थकत का नाही?" मी हसून काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. त्या मुलीने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं हे मला दिसलं. परतीच्या बसमध्ये शाल मांडीवर घेऊन मी पारोळा, एरंडोल करत जळगावला आले, ते तिच्या प्रश्नाशी भांडतच.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर पट्टीवर बुडबुड्यांची रीघ लागलेली. आलेखही आजवरच्या सगळ्यांहून देखणा. मी खूश होऊन पट्टी धुवायला बाहेर काढली आणि तशीच उभी राहिले.

पॉलिमर चढवलेल्या पट्ट्या सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून जिच्यात धातू बसवला असेल तिचा एक कोपरा मी कात्रीने उडवून ठेवायची. या पट्टीचे चारही कोपरे शाबूत होते. म्हणजे घाईत मी नुसत्या पॉलिमरची पट्टी लावली होती. तिच्यात ना निकेल होतं, ना मॉलिब्डेनम. माझी सगळी मेहनत ज्या धातूंवर होती, त्यांच्यावाचून हायड्रोजन तितकाच निघत होता.

मी स्टुलावर बसले. भांड्यात आता धातू एकच उरत होता. समोरची तार. वीज वाहताना ती आम्लात कणाकणाने विरघळत होती, आणि तिचे ते कण समोर येऊन माझ्या पट्टीवर बसत होते. म्हणून पट्टी वापरावी तशी सुधारत होती. ज्या महागड्या धातूला हटवायला मी निघाले होते, तोच मागच्या दाराने येऊन माझ्या पट्टीवर बसला होता आणि शाली मी घेत होते. त्या तारेचा मला इतका राग आला की ती उचलून खिडकीबाहेर फेकावी असं वाटलं. पण खिडकी उघडत नव्हती.

खात्री करायला समोर प्लॅटिनम सोडून दुसरं काहीतरी हवं होतं, कार्बनची कांडी चालली असती. त्या शनिवारी गावी गेले आणि आबांच्या शेतावरच्या मोठ्या टॉर्चचे संपलेले सेल पिशवीत भरले. त्यांच्या मधोमध तशी कांडी असते. आबा म्हणाले, "हाऊ कचरा कसाले लई चालनी?" मी म्हटलं, "काम शे." त्यांनी कोनाड्यातून आणखी दोन काढून दिले. त्यांना वाटलं, शोधालाच लागत असतील. लागतच होते. येताना बसच्या खिडकीतून फ्लेक्स दिसला आणि मी मान दुसरीकडे वळवली.

कांड्या घासून धुऊन, नव्या भांड्यात, नव्या आम्लात, कोऱ्या पट्ट्यांसमोर लावल्या. नुसत्या पॉलिमरची पट्टी गप्प. कोपरा कापलेली, माझ्या धातूंची पट्टी लावली तर तिच्यावर बारीक बारीक बुडबुडे आले. ते खरे होते आणि माझे होते, पण थोडे होते. बातमी व्हावी असं त्यात काही नव्हतं. फेस तर नव्हताच.

मी दोन्ही आलेख सरांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. आणि मग आलेख माझ्याकडे सरकवत, "पण समोर प्लॅटिनम पुष्कळजण लावतात."

"लावतात, सर."

"मग आपण एकट्यांनीच का मागे यायचं?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता, अजिजीचा होता. ते म्हणाले, जे आहे ते लिहून टाक, परीक्षक विचारणार नाहीत. माझ्या निवृत्तीआधी तू सुटावीस एवढंच मला वाटतं.

"सर, मी कांडी लावून जे येतं तेच लिहीन."

"मग सगळं पहिल्यापासून. आणखी वर्ष तरी जाईल. मुदत मी मागून देतो. पण घरचे येऊ देतील?"

तिथेच तर सगळं अडलं होतं. खरं सांगावं तर नाना म्हणणार, शोध खोटा निघाला ना, चल मग घरी. डिग्री आता होतेच आहे असं धरून पाहुणे यायची तारीखही त्यांनी ठरवून ठेवली होती. आणि खोटं लिहावं तर डिग्री मिळणार, सुटका होणार, आणि त्या सुटकेत मी जन्मभर अडकून पडणार. रोज लिहायला बसायची आणि उठायची. जेवण जात नव्हतं. होस्टेलवर शेजारच्या खोलीतली मैत्रीण म्हणायची, अगं सगळीकडे तुझं कौतुक चाललंय आणि तुझं तोंड असं का? मी तिच्या अंगावर ओरडले. बिचारीचा काय दोष होता त्यात?

तेवढ्यात गावाचा सत्कार आला. सगळ्यांत मोठा, आणि आबांच्या दृष्टीने एकच खरा. शाळेच्या पटांगणात मांडव, सतरंज्या, लाउडस्पीकर. आबा पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचं धोतर नेसून बसलेले, शेजारी नाना. माझ्या खांद्यावर शाल आली. मग सूत्रसंचालकाने माइक माझ्या हातात दिला आणि मी ठरवलं होतं तसं बोलायला लागले. पुस्तकी मराठीत बोलले असते तर कुणी कान दिला नसता, म्हणून अहिराणीतच बोलले.

"मी जो गॅस काढा ना, तो मन्हा धातूनी नही काढा. समोर प्लॅटिनमनी तार व्हती, तिनी काढा. ते माले आते समजनं. मन्ही पट्टीवर थोडाच निंघस. पेपरमा उनं ते बरोबर नही."

पुढच्या रांगांतल्या माना वर झाल्या. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "एवढं मोठं काम करीसन बी पोरमा कितली नम्रता शे, देखा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाया डोळे पुसायला लागल्या. नाना तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी परत माइककडे हात केला तर हातात नारळ ठेवला गेला. इतक्या माणसांत माझा इतका कोंडमारा कधीच झाला नव्हता. खरं बोलून टाकलं की माणूस मोकळा होतो असं मला वाटायचं. इथे खरं बोलले आणि माझी वाहवा झाली.

टाळ्या वाजवत नव्हते ते एकटे आबा. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत बसले होते.

घरी जाताना वाटेत त्यांनी विचारलं, "खरं शे?"

"खरं शे."

"मंग माले पह्यले सांगानं व्हतं. लोकेस्ना मोहरे नही."

आणि ते झपाझप पुढे चालू लागले. मी शाल काढून आईकडे दिली. तिने ती बाकीच्यांवर नीट घडी घालून ठेवली. मी जेवले नाही, आबाही अर्ध्या भाकरीवर उठले. मला वाटलं, डिग्री गेली, जळगाव गेलं आणि वर आबाही दुखावले.

सकाळी आईने हलवून उठवलं. म्हणाली, जा, तुझे आबा शिडी घेऊन थांब्याकडे गेलेत, धरायला कुणी नाही. मी तशीच धावत गेले. पहिल्या एसटीची वेळ होती, थांब्यावर अर्धं गाव उभं. आबा शिडीवर चढून फ्लेक्सच्या सुतळ्या विळ्याने कापत होते. मी जाऊन शिडी धरली. त्यांनी खाली पाहिलं, मीच आहे हे बघून परत कापायला लागले.

कुणीतरी विचारलं, "आबा, काय करी ऱ्हायनात?"

"उतारी ऱ्हायनू."

"कसाले?"

"आंडेरनी काल माइकवर सांगं ना बठ्ठं. तुमना कान कोठे व्हतात?"

थांब्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काल पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पण माझं बोलणं गावात आत्ता पोचलं. मला रडू येत होतं आणि शिडी सोडता येत नव्हती.

नाना चहाच्या टपरीवरून लगबगीने आले. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं, चेहरा लाल झाला होता. "मंग पाव्हनास्ले काय सांगू मी?"

आबांनी थोरल्या भावाकडे वरूनच पाहिलं. जन्मात पहिल्यांदा ते त्यांच्याहून उंच उभे होते. "सांगी द्या, आंडेरनं काम आजून बाकी शे."

"आनि शोध लागनाच नही ते?"

"ते बी तीच सांगी."

नाना काहीतरी पुटपुटत टपरीकडे परत गेले. एसटी आली, काहीजण चढले, काहीजण मजा बघायला थांबले. एका बाजूची सुतळी तुटली आणि फ्लेक्स वाऱ्याने माझ्या अंगावर आला. माझाच चेहरा, माझ्याच तोंडावर. शेजारच्या घरातले काका वाईट वाटून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ना आबा, फोटो कितला चांगला शे."

आबांनी विळा दुसऱ्या सुतळीला लावला.

"फोटो तिना शे," ते म्हणाले. "खाले लिखेल शे ते तिनं नही."